मुलाचा आयक्यू 78 आलाय, घरी तेलुगू बोलतो. हा आकडा धरायचा का?

पूर्व भाग जॉबर

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीला आहे. आम्ही पद्मशाली, विणकर समाजातले. घरात तेलुगू, गल्लीतही तेलुगूच. वाचनात मागे पडतो म्हणून शाळेने टेस्ट करून आणायला सांगितलं. एका खाजगी ठिकाणी केली. रिपोर्ट एका पानाचा: बिने-कामत कसोटी, मानसिक वय 7 वर्षे, बुद्ध्यांक 78, पुढे "सीमारेषेवर" असा शेरा. तेव्हापासून त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

पोरगा कारखान्यात आला की टॉवेलचे डझन मोजून गठ्ठे लावतो. किराणा आणायला पाठवलं तर सुट्ट्या पैशांत एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. मग 78 कसे? दुसरीकडे जाऊन तीच टेस्ट परत करावी का? ओळखीतले एक जण म्हणतात बोटांचे ठसे घेऊन मेंदूची टेस्ट होते, ती पक्की असते. जाणकारांनी सांगावं.

जुळे सोलापूरची आई

दादा, टेस्टला घाबरू नका. माझ्या मुलीला वाचनाची अडचण आहे हे टेस्टमुळेच कळलं. तिची बुद्धी चांगली निघाली, अडचण फक्त अक्षरांची होती. दहावीला तिला जादा वेळ मिळाला. पण तिची तपासणी खूप सविस्तर झाली होती, एका पानात कोणी मोकळं केलं नव्हतं.

विजापूर रोड, निवृत्त प्राध्यापिका

दादा, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि निवृत्तीपर्यंत मुलांच्या कसोट्या घेत होते. आधी ठशांचं सांगते: एक पैसा देऊ नका. बोटांवरच्या रेषांवरून बुद्धी किंवा कल ओळखता येतो याला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही हे जाहीरपणे सांगितलं आहे.

आता 78. हा आकडा कसा निघाला ते बघा. नऊ वर्षे म्हणजे 108 महिने, सात वर्षे म्हणजे 84 महिने. 84 भागिले 108, गुणिले 100. झाले 78. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची ही रीत जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये सुचवली. म्हणजे सगळा भार त्या "सात वर्षे" वर आहे. आणि सात वर्षे कशावरून? त्या वयाच्या बहुतेक मुलांना जमणारे प्रश्न तुमच्या मुलाला जमले, त्यापुढचे जमले नाहीत, यावरून.

मग विचारायचं, कुठल्या मुलांना जमणारे? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी धारवाडला 1934 च्या सुमारास बसवली, कन्नड आणि मराठीत. दोन भाषांत वेगवेगळी बसवली, कारण भाषा बदलली की प्रश्न सोपा-अवघड होतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या काळी हे फार मोठं काम होतं आणि माझ्या मनात त्याबद्दल आदर आहे. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या धारवाडच्या मुलांशी आजच्या सोलापूरच्या अशोक चौकातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाची तुलना करून त्याच्या कपाळावर शेरा मारणं मला मान्य नाही.

तीच टेस्ट परत करू का, असं विचारलंत. मराठीतूनच केली तर बहुधा आकडा आसपासच येईल, आणि लोक म्हणतील, बघा, दोनदा तेच आलं म्हणजे खरं आहे. इथेच फसगत होते. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणं ही विश्वसनीयता. जे मोजायचं होतं तेच मोजलं जाणं ही वैधता. मराठीचा अडसर दोन्ही वेळा सारखाच, म्हणून आकडा जागचा हलत नाही, पण मोजली जाते ती त्याची मराठी.

हे काही नवीन नाही. 1913 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांच्या कसोट्या दुभाषे लावून घेतल्या. परका देश, प्रवासाचा शीण, ओळखीचे नसलेले प्रश्न. त्यांतल्या बहुतेकांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला. बिने-कामतमधले बिने म्हणजे ज्या आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँबरोबर 1905 मध्ये पॅरिसला बुद्धीची पहिली कसोटी केली, त्यांचा हेतू शाळेत जादा मदत लागणारी मुलं शोधायचा होता. बुद्धी कायमची ठरलेली असते, ती वाढतच नाही, या मताविरुद्ध त्यांनी 1909 मध्ये पोटतिडकीने लिहिलं. मदतीसाठी निघालेलं माप मुलाला बाजूला काढायला वापरलं जातं तेव्हा मला आजही राग येतो.

शिवाय कुठलाही बुद्ध्यांक म्हणजे एक नेमका ठिपका नसतो. समजा कसोटीची विश्वसनीयता 0.90 (1 म्हणजे पूर्ण) आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरतात ते, 15 आहे. मग मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा मोजताना किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, सुमारे 4.7 निघते. म्हणजे 95 टक्के खात्रीने बोलायचं तर 78 ऐवजी "69 ते 87 च्या दरम्यान" असं लिहायला हवं. एवढ्या पट्ट्यात तीन वेगवेगळे शेरे मावतात. तुमच्या रिपोर्टात पट्टा दिलाय का? कुठले प्रश्न जमले, कुठले नाही, याचा कागद मागून घ्या.

पूर्व भाग जॉबर

मॅडम, कागद आणला. पट्टा कुठेच नाही. आकडे ऐकून म्हणणं, चित्र बघून काढणं जमलंय. शब्दांचे अर्थ आणि दोन गोष्टींतलं साम्य-फरक सांगणं, यात गेलाय. घरी तेच मी तेलुगूत विचारलं तर पटापट सांगितलं.

विजापूर रोड, निवृत्त प्राध्यापिका

घरी विचारलेलं गुणांत धरता येत नाही, पण तपासणाऱ्याला हे जरूर सांगा, कारण दिशा स्पष्ट आहे. सगळी पडझड भाषेच्या प्रश्नांत आहे.

आधी डोळे आणि कान तपासा. मग सिव्हिलच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. नागपूरला डॉ. मालिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या कसोटीवरून भारतीय मुलांसाठी कसोटी तयार केली, तिच्यात शाब्दिक (शब्दांच्या प्रश्नांचा) आणि कृतीचा (हाताने करून दाखवायच्या कामांचा) बुद्ध्यांक वेगवेगळा निघतो. तुमच्या मुलासाठी ते महत्त्वाचं. जोडीला रेव्हन यांची रंगीत आकृत्यांची कसोटी मागा, तिला शब्दच लागत नाहीत. भाटियांची कसोटी कोणी सुचवली तर थांबा, ती 11 वर्षांपासून पुढे आहे. सूचना तेलुगूत देणारं कोणी मिळालं तर फार बरं. मुलगा रोजच्या व्यवहारात काय काय करतो हेही नोंदवायला लावा, कारण नुसत्या बुद्ध्यांकावर बौद्धिक अक्षमता ठरवता येत नाही. तुमचे टॉवेलचे गठ्ठे आणि किराण्याचा हिशेब तिथे सांगायचा.

वाचनाची तपासणी वेगळी करून घ्या. या मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, असूही शकते, नसूही शकते, ते 78 वरून कळणार नाही.

शाळेला सध्या एवढंच लिहून द्या की घरची भाषा तेलुगू आहे, तपासणी अपुरी आहे, सविस्तर अहवाल आणून देतो, तोवर वर्ग किंवा तुकडी बदलू नये. पत्राची पोच घ्या.