वनडे एशिया कपमध्ये भारत-पाक फायनल एकदाही कशी काय नाही झाली?

कट्ट्यावरचा_सांगलीकर:
2025 ला दुबईत भारत-पाक फायनल झाली तेव्हा सगळीकडे ऐकलं की 41 वर्षांत पहिल्यांदाच. पण ती टी-20 होती, म्हणजे वनडेच्या एशिया कपात आजवर एकदाही नाही? लहानपणापासून मला वाटायचं की ही स्पर्धा म्हणजे या दोघांचीच. नशीब की आणखी काही कारण? जुन्या लोकांनी जरा सविस्तर सांगा.

जुना_रेडिओ:
एकदाही नाही. 1984 ला शारजात पहिली स्पर्धा झाली तेव्हा तीनच टीम, त्यामुळे फायनल नव्हतीच, गावसकर कॅप्टन, आपण लंकेला आणि पाकिस्तानला हरवून कप घेतला, विकेटकीपर सुरिंदर खन्नाने दोन्ही मॅचमध्ये फिफ्टी मारली. मग 1986 ला आपण श्रीलंकेत गेलोच नाही, 1990-91 ला पाकिस्तान इकडे आलं नाही, आणि 1993 ची तर स्पर्धाच रद्द झाली. म्हणजे पहिली दहा वर्षं राजकारणातच गेली.
पण खरी चुकामूक 1995 आणि 1997 ची. 1995 ला शारजात आकिब जावेदने 5 विकेट काढून आपल्याला 97 रननी हरवलं, तरी भारत, श्रीलंका, पाकिस्तान तिघांचे दोन-दोन विजय झाले आणि रनरेटवर पाकिस्तानच बाहेर. 1997 ला कोलंबोत प्रसादने त्यांची 5 बाद 30 अशी दाणादाण उडवली होती, तेवढ्यात पाऊस आला, मॅच वाहून गेली आणि पाकिस्तान पुन्हा फायनलला मुकलं. ती मॅच पूर्ण व्हायला हवी होती असं मला आजही मनापासून वाटतं.

शिवाजीपार्क_एंड:
माझ्या मते तू प्रश्नच उलटा विचारतोयस. वनडे एशिया कपची खरी दुश्मनी भारत-श्रीलंका आहे, आपण तिला कधी तेवढा मान दिला नाही. फायनल मोजून बघ, 13 पैकी 11 मध्ये लंका आणि त्यातल्या 7 आपल्याशी. 1988 ला ढाक्यात वेंगसरकर कॅप्टन असताना जिंकलो, 1991 ला ईडनवर कपिलची हॅटट्रिक, 1995 ला अझर नाबाद 90 आणि सिद्धू नाबाद 84. मग त्यांनी सगळं व्याजासकट परत केलं, 1997, 2004 आणि 2008. कराचीची ती 2008 ची फायनल मी पूर्ण बघितली होती. 4 बाद 66 वरून जयसूर्याने 125 मारले, आपल्याकडून सेहवागने 36 बॉलमध्ये 60 ठोकले, वाटलं झालं काम, आणि मग लंकेचा स्पिनर अजंता मेंडिस आला. 13 रनमध्ये 6 विकेट. त्याचा बॉल कुठे वळणार हे आपल्या कोणालाच हातातून ओळखता येत नव्हतं, असं हताश होऊन मॅच बघितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

जुना_रेडिओ:
7 नाही 8. 2010 दंबुला मोजलंस का? तिथे आपण 81 रननी जिंकलो. आणि 2023 ला सिराजने एकाच ओव्हरमध्ये 4 काढले, लंका 50 ऑलआउट. आठ फायनलमध्ये हिशोब 5-3.

शिवाजीपार्क_एंड:
हो बरोबर, 8. दंबुला सुटलं.

पुणेरी_स्लिप:
बांगलादेशला विसरू नका रे. 2012 ला मीरपूरला सचिनची शंभरावी सेंच्युरी झाली आणि तीच मॅच त्यांनी जिंकली, दोन दिवसांनी कोहलीने पाकिस्तानविरुद्ध 183 मारले तरी फायनलला गेले तेच, कारण पॉइंट सारखे असले तरी आपसातली मॅच त्यांची होती. फायनल पाकिस्तानकडून फक्त 2 रननी हरले तेव्हा शाकिब, मुशफिकुर रडत होते, ते बघून मलाही भरून आलं. 2018 च्या आपल्याविरुद्धच्या फायनलला परत तसंच, त्यांच्या लिटन दासचे 121, आणि शेवटच्या बॉलवर एक हवा असताना आमचा केदार जाधव हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या पायाने पळत होता, लेगबायवर (पायाला लागलेल्या बॉलवर) रन मिळाला आणि जिंकलो!! भारत-पाक मॅचमध्येही मी इतका जीव मुठीत धरून बसलो नव्हतो.

कट्ट्यावरचा_सांगलीकर:
धन्यवाद मंडळी, 2008 ची पूर्ण मॅच आज रात्री बघतो. 1991 ची ईडनवाली कोणी टीव्हीवर बघितली होती का? कपिलच्या हॅटट्रिकबद्दल अजून ऐकायचंय.