इंग्रजी शब्दांच्या जाती : एकच शब्द कधी नाऊन, कधी व्हर्ब, मग ओळखायचा कसा?

निफाडचा_अभ्यासू

नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग आहे. सध्या नाशिकला गंगापूर रोडजवळ खोली घेऊन सरळसेवा भरतीचा अभ्यास करतोय. शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं. मराठी व्याकरणाचे मार्क जात नाहीत, पण इंग्रजीत पार्ट्स ऑफ स्पीचवर प्रश्न आला की हात थांबतो.

क्लासमध्ये याद्या दिल्या आहेत. हे नाऊन (नाम), हे अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषण), हे अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण). त्या मी पाठ केल्यात. तरी ‘फास्ट’ हा शब्द दोन याद्यांत सापडतो आणि सराव पेपरात तिसऱ्याच जातीचा निघतो. ‘ग्रेप फार्मर’ यातला ‘ग्रेप’ एका उत्तरसूचीत अ‍ॅडजेक्टिव्ह आहे, रूममेटच्या पुस्तकात नाऊन. ‘आफ्टर’ कधी प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय), कधी कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय). आणि ‘द’ला शब्दांच्या आठ जातींपैकी कुठे बसवायचं? आणखी याद्या पाठ करायची माझी तयारी आहे, पण त्याने हे सुटेल असं वाटत नाही. कुणीतरी मुळापासून सांगा. मी लहान आहे, अरेतुरे केलंत तरी चालेल.

सिन्नरचे_गुरुजी

तुला बरोबर वाटतंय. याद्यांनी हे सुटणार नाही. मी सिन्नर तालुक्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त होऊन नाशिकरोडला असतो. मराठी माध्यमाच्या मुलांना ही अडचण का येते ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठीत शब्दाची जात बहुतेक वेळा त्याच्या अंगावर दिसते. ‘द्राक्षाला’, ‘द्राक्षांचा’ म्हटलं की प्रत्यय आणि सामान्यरूप सांगतात, हे नाम आहे. ‘तोडतो’, ‘तोडली’, ‘तोडतील’ ही क्रियापदाची रूपं आहेत, शंकाच नको. म्हणून आपल्याला नुसत्या शब्दाकडे बघून जात सांगायची सवय लागते. इंग्रजीत हे प्रत्यय फार थोडे उरलेत. तिथे शब्द कुठे बसलाय आणि कुणासाठी काम करतोय, यावर जात ठरते. एकटा ‘फास्ट’ फळ्यावर लिहून त्याची जात विचारणं हा प्रश्नच अपुरा आहे.

आता वाक्यं घे. ‘इट इज अ फास्ट ट्रेन’. ट्रेन कशी? फास्ट. नामाबद्दल माहिती सांगतोय, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. ‘द ट्रेन रन्स फास्ट’. धावते कशी? क्रियापदाबद्दल सांगतोय, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. ‘माय मदर फास्ट्स ऑन एकादशी’. इथे आई करतेय ती क्रियाच ‘फास्ट’ आहे, मागे ‘एस’ लागलाय, म्हणून व्हर्ब. ‘हर फास्ट एंडेड’. संपला काय? तो उपवास. ‘हर’च्या मागून आलाय, वाक्याचा कर्ता झालाय, म्हणून नाऊन.

हे परकं वाटत असेल तर मराठीतला ‘वर’ बघ. ‘वर जा’ यात तो क्रियाविशेषण, ‘झाडावर’मध्ये शब्दयोगी अव्यय, ‘वर मंडपात आला’ यात नाम. तू हे तिन्ही न अडखळता ओळखतोस, कारण वाक्य ऐकतोस. तोच कान इंग्रजीला लाव.

‘आफ्टर’साठी पुढे काय आलंय ते बघ. ‘आफ्टर द हार्वेस्ट, ही वेंट टू नाशिक’. पुढे नुसतं नाम, म्हणून प्रिपोझिशन. ‘आफ्टर द हार्वेस्ट एंडेड, ही वेंट टू नाशिक’. पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं उपवाक्य आलं, म्हणून कंजंक्शन. ‘बिफोर’, ‘सिन्स’, ‘अन्टिल’ हे तिघेही असेच वागतात. आणि प्रिपोझिशनच्या पुढे कुणीच नसलं, जसं ‘कम इनसाइड’, तर तो बहुधा अ‍ॅडव्हर्ब होतो. ‘इनसाइड द हाउस’मध्ये तोच प्रिपोझिशन.

‘ग्रेप’चं थोडं वेगळं आहे. मराठीत आपण ‘द्राक्षबाग’ हा एकच शब्द लिहितो. तो समास आहे, त्यातला ‘द्राक्ष’ विशेषण आहे का असं कुणी विचारत नाही. इंग्रजी अशा जोडीतले शब्द पुष्कळदा सुटे लिहिते आणि तिथे गोंधळ सुरू होतो. कसोटी सोपी आहे. ‘ग्रीन लीफ’चं ‘व्हेरी ग्रीन’ होतं, ‘द लीफ इज ग्रीन’ होतं. ‘व्हेरी ग्रेप’ होत नाही, ‘द फार्मर इज ग्रेप’ तर नाहीच नाही. तेव्हा ‘ग्रेप’ हे नामच आहे, ते दुसऱ्या नामाला विशेष करण्याचं काम करतंय. जुन्या पद्धतीची पुस्तकं कामाकडे बघून अ‍ॅडजेक्टिव्ह लिहितात, नवीन पुस्तकं नाऊन लिहितात. तुझ्या दोन उत्तरसूच्यांचा फरक तिथे आहे. परीक्षेत पर्याय नीट वाच. ‘नाऊन यूज्ड अ‍ॅज अ‍ॅडजेक्टिव्ह’ असा पर्याय दिला असेल तर तो घ्यायचा.

मृण्मयी_पंचवटी

गुरुजींनी ‘द’ सोडलाय, ते मी लिहिते. मी भाषांतराचं काम करते, हे रोज हाताखालून जातं.

शाळेच्या पारंपरिक व्याकरणात ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना अ‍ॅडजेक्टिव्हमध्ये धरतात. आधुनिक व्याकरणात त्यांना डिटरमायनर हा वेगळा वर्ग आहे, त्यात ‘धिस’, ‘माय’, ‘सम’, ‘एव्हरी’ हेही येतात. आपल्याकडे ‘हा आला’मध्ये ‘हा’ सर्वनाम आणि ‘हा मुलगा आला’मध्ये तोच सार्वनामिक विशेषण, हे तुला माहीत असेलच. ‘धिस इज गुड’ आणि ‘धिस बुक इज गुड’ यांत तोच फरक आहे.

आठ हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक व्याकरणकाराच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठच वर्ग होते, पण त्यात आर्टिकल (‘द’सारखे शब्द) होतं आणि इंटरजेक्शन (केवलप्रयोगी अव्यय) नव्हतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून रोमनांनी ते काढलं आणि इंटरजेक्शन वेगळं केलं. अ‍ॅडजेक्टिव्ह तर तेव्हा नामातच मोडायचं. आपल्याकडच्या प्राचीन यास्कांनी निरुक्त या ग्रंथात चारच सांगितले : नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्यय). आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. म्हणून मराठी आणि इंग्रजीची आठ नावं इतकी जुळतात. ती जुळतात याचा फायदा घे, पण ‘द’ कुठेच बसेना तर तुझी समज कमी आहे असं समजू नकोस.

एक भर. ‘स्विमिंग’सारखे शब्द आले की मनात मराठी कर. ‘स्विमिंग इज गुड’ म्हणजे पोहणे चांगले, धातुसाधित नाम. ‘अ स्विमिंग डक’ म्हणजे पोहणारे बदक, धातुसाधित विशेषण. ‘द डक इज स्विमिंग’ म्हणजे पोहत आहे, क्रियापदाचा भाग. मराठीत तीन रूपं आहेत, इंग्रजीत एकच, म्हणून हा फरक आपल्याला त्यांच्यापेक्षा लवकर दिसतो. याचं मला अजूनही फार कौतुक वाटतं. मराठी माध्यमाची मुलं इथे मागे नाहीत, उलट पुढे आहेत.

निफाडचा_अभ्यासू

गुरुजी, मृण्मयीताई, मनापासून आभार. ‘वर’च्या उदाहरणाने डोक्यात उजेड पडला. अजून एक विचारतो. ‘बट’ म्हणजे कंजंक्शन, एवढंच मला माहीत होतं. ‘एव्हरीवन बट राम केम’ यात काय?

सिन्नरचे_गुरुजी

‘रामाशिवाय सगळे आले’. पुढे नुसतं नाम आहे, म्हणून प्रिपोझिशन. जुन्या पेपरांना आवडणारा आणखी एक ‘बट’ आहे : ‘देअर इज नो मदर बट लव्ह्ज हर चाइल्ड’. इथे त्याचा अर्थ ‘जी करत नाही अशी’, म्हणून रिलेटिव्ह प्रोनाऊन (संबंधी सर्वनाम). आजच्या इंग्रजीत असं कुणी बोलत नाही, फक्त पेपरासाठी लक्षात ठेव.

आता तू सोडव. प्रत्येकात ‘राउंड’ची जात सांग.
वी सॅट अ‍ॅट अ राउंड टेबल.
द बस राउंडेड द कॉर्नर निअर सीबीएस.
दे वॉक्ड राउंड द टेंपल.
ही टर्न्ड राउंड.
शी वन द फर्स्ट राउंड.

निफाडचा_अभ्यासू

अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, प्रिपोझिशन, प्रिपोझिशन, नाऊन.

सिन्नरचे_गुरुजी

चार बरोबर. चौथं परत बघ : ‘राउंड’च्या पुढे कोण आहे?

निफाडचा_अभ्यासू

कुणीच नाही. अ‍ॅडव्हर्ब!