जिप्सी किंग 1.3 साठी कॅम: 262 की 284? लवकर सांगा

घाटवाट्या:
जिप्सी किंग आहे, 1998 ची. चढाला अजिबात ओढत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना दुसऱ्यातसुद्धा दम टाकते, वळणावर पहिला टाकावा लागतो आणि मागे एसटी हॉर्न मारत असते. परफॉर्मन्स कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा) टाकायचं ठरवलंय. विकणाऱ्याकडे दोन आहेत, एक 262 अंशांचा, दुसरा 284 चा (ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो ते). किमतीत फार फरक नाही. 284 ने जास्त ताकद मिळते असं तो म्हणतो. शनिवारी पैसे द्यायचेत. कुठला घेऊ? "कॅम नको" असं कृपया सांगू नका, ते ठरलंय.

तेलकट_हात:
8 व्हॉल्व्ह की 16? साल बघता 8 व्हॉल्व्ह कार्ब्युरेटर असावी, पण जिप्सीत इंजिनं बदललेली असतात म्हणून विचारतो. टायर कोणते? हे 262 आणि 284 कुठून मोजलेत, व्हॉल्व्ह सीटवरून उठल्यापासून की 1 मिमी लिफ्टपासून (1 मिमी उचलला गेल्यापासून)? दोन्हींत खूप फरक पडतो. लिफ्ट किती? लोब सेपरेशन (कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांच्या टोकांमधला कोन) किती? कॅमसोबत कार्ड येतं, त्याचा फोटो टाका.

घाटवाट्या:
8 व्हॉल्व्ह, कार्ब. कार्ड नाही, विचारतो. टायर 235/75 आर 15. टायरचा कॅमशी काय संबंध?

तेलकट_हात:
संबंध आहे. कंपनीचं टायर 205/70 आर 15, म्हणजे व्यास साधारण 668 मिमी. तुमचं 733 च्या आसपास. प्रत्येक गिअर जवळपास 10 टक्के लांब झाला. दुसरा गिअर आता आधीच्या दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी आहे. इंजिन साठेक हॉर्सपॉवरचं, त्यात महाबळेश्वर 1372 मीटरवर. कार्ब इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण 10 टक्क्यांनी घटते. वर पोचेपर्यंत काय उरतं, बघा.

सह्यभटका:
कॅमच्या भानगडीत पडू नका. 16 व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्शनचं) इंजिन बसवा, 80 हॉर्सपॉवर. माझ्या गाडीत तेच आहे. ताम्हिणी, वरंध, कुठेही तिसऱ्यात जाते.

घाटवाट्या:
@सह्यभटका इंजिन बदलायचं नाहीये. आरसी बुकात नोंद, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), टाकीतला पंप, हे सगळं कोण करणार? प्रश्न फक्त 262 की 284.

चाकोरी:
284 अजिबात नको. का ते सांगते. लांब ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती तरीही आत घुसत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. पण 2000-2500 आरपीएमला तो वेग नसतो, म्हणून पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. प्रत्यक्षात दाबलं जाणारं कॉम्प्रेशन कमी होतं. घाटात दुसऱ्यात तुम्ही याच आरपीएमला असता. 284 चा फायदा चार हजाराच्या वर, म्हणजे ट्रॅकवर. तुमची गाडी आंबेनळीत आहे त्याहून मठ्ठ होईल.

शिवाय ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढतो. स्लो (आयडलिंग) स्थिर राहत नाही, व्हॅक्यूम पडतो, ब्रेकला बूस्टर असेल तर पेडल कडक लागतं. उताराला हे नको. आणि पीयूसी स्लोवरच होते. तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला सीओ 3 टक्के आणि एचसी 1500 पीपीएमची मर्यादा आहे. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमधून गेलं की एचसी चढतो.

जुनी_मारुती:
ताई बरोबर बोलल्या. पण नवीन कॅम कशाला? स्वतःचाच कॅम ग्राइंडिंगला द्या. चांगला लेथवाला हवा तो प्रोफाइल काढून देतो, निम्म्याहून कमी पैशात. मी झेनला केलंय.

तेलकट_हात:
@जुनी_मारुती रिग्राइंडमध्ये लोबचं टोक वाढवता येत नाही हो. खालचा गोल भाग घासून लहान करतात, म्हणून लिफ्ट वाढल्यासारखी होते. मग रॉकरचा (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या हलत्या दांडीचा) स्क्रू खूप खाली आणावा लागतो, रॉकरचा कोन बदलतो आणि त्याचा पॅड लोबवर चुकीच्या जागी घासतो. वरचा कडक थर निघाला तर थोड्याच दिवसांत लोब चाटला जातो.

जुनी_मारुती:
माझा कॅम अजून ठीक आहे. चिल्ड कास्टिंगचा कडक थर खोल असतो, मिलिमीटरभर घासल्याने काही होत नाही. काम कोण करतो यावर आहे.

तेलकट_हात:
तेच म्हणतोय. कोण करतो हे धाग्यावर कसं सांगणार?

डेट्रॉईटकर:
इथे जुन्या व्ही-8 वर काम करतो. नवीन कॅम बसवल्यावर पहिली 20 मिनिटं इंजिन 2000 च्या खाली येऊ देऊ नका, स्लोवर तर अजिबात सोडू नका. झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं तेल वापरा, आजच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं. लोबवर असेंब्ली पेस्ट लावा. इथे बहुतेक कॅम पहिल्याच दिवशी मरतात.

तेलकट_हात:
@डेट्रॉईटकर ते ब्लॉकमधल्या कॅमला आणि फ्लॅट टॅपेटला. इथे कॅम हेडमध्ये आहे, वर रॉकर. पण रॉकरही घासतच चालतात, त्यामुळे पेस्ट आणि तेलाचा सल्ला इथेही लागू. नवीन कॅमवर झिजलेले जुने रॉकर मात्र बसवू नका, दोन्ही खराब होतील.

कोकणमेवा:
पेट्रोलकडे कोणी बघतच नाही! आता पंपावर ई20 मिळतं. इथेनॉलात लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं भोक) मिश्रण पातळ होतं, गाडी ओढत नाही. आमच्या ओम्नीची रबरी नळीही फुगली होती. आधी मेन जेट एक नंबर मोठा टाका.

घाटवाट्या:
गाडी ई20 च्या आधीपासून ओढत नाही. आणि कार्ड मिळालं: 262 सीटपासून मोजलाय, लोब सेपरेशन 110. 284 चं 106. मग 262 घेऊ ना? हो की नाही एवढंच सांगा.

चाकोरी:
दोन्हींतला हाच. पण पैसे देण्याआधी दोन गोष्टी सांगा. कॉम्प्रेशन किती येतं? आणि टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर ओढ कमी झाली का? बेल्ट एक दात चुकला तरी गाडी अशीच वागते. जुन्या कॅमवर मेकॅनिकल पेट्रोल पंपासाठी वेगळा लोब असेल तर नवीन कॅमवरही तो असायला हवा, तेही बघा.

पिस्टन_नाशिक:
हूड कुठला आहे? मला जिप्सीला कॅनव्हास हूड शिवून घ्यायचाय. पावसात गळत नाही असा शिवणारा कोणी माहीत आहे का?

घाटवाट्या:
बेल्टच्या खुणा फिटरने तपासल्या, जुळतात. पंपाचा लोब आहे. कॉम्प्रेशन पीएसआयमध्ये: 165, 160, 125, 160. हूडचं वेगळ्या धाग्यात विचारा.

चाकोरी:
तिसरा सिलिंडर! सिलिंडरांमध्ये साधारण 14 पीएसआयच्या आत फरक चालतो, तुमच्याकडे 35-40 आहे. कॅम कुठलाही टाका, तिसरा भरणारच नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा बराच वर गेला तर रिंगा, फारसा नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गाडीला कधी गॅस किट होतं का?

घाटवाट्या:
ऑइल टाकून 130. आधीच्या मालकाने एलपीजी किट लावलं होतं, मी काढलं. त्याचा काय संबंध?

चाकोरी:
मला हेच वाटत होतं. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्टची सीट झिजते आणि व्हॉल्व्ह आत बसत जातो. टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कडेने जळतो. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला आत्ता गॅप किती आहे ते फीलर गेजने थंड इंजिनावर बघा. हेड उतरवावं लागेल असंच दिसतंय.

घाटवाट्या:
गेजचं सगळ्यात पातळ पान पण जात नाही.

जुनी_मारुती:
हेड उतरतंयच तर कॅम ग्राइंडिंगला द्याच.

घाटवाट्या:
शनिवारचे पैसे थांबवलेत. विकणारा 262 बाजूला ठेवतोय. हेड सोमवारी काढणार. सीट कापून आणल्यावर नीट झालं की नाही हे मला कसं कळणार? दुकानवाला "झालं" म्हणेलच.

तेलकट_हात:
बसवण्याआधी प्लग लावा, हेड उलटं ठेवा आणि चेंबरमध्ये रॉकेल ओता. पाचेक मिनिटांत पोर्टमधून ओल दिसली तर तिथूनच परत पाठवा. स्प्रिंगा एकाच उंचीच्या आहेत का तेही मोजून घ्या. नवीन कॅमची लिफ्ट जास्त असेल तर पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडता कामा नयेत. आणि हेड परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायला लावा, अंदाजाने नाही.