प्रतिसाद: बॅटरी बदलली, तरी फानुक रोबोटचा ०६२ अलार्म (एन्कोडरची बॅटरी संपल्याचा) जात नाही

अलार्म जाणार नाहीच. एन्कोडरची (सांधा किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरची) मोजणी पुसली गेली आहे, ती नव्या सेलने परत येत नाही. मास्टर/कॅल मेनूमधून आरईएस-पीसीए (एन्कोडरचा अलार्म पुसायची कमांड) करून कंट्रोलर बंद-चालू करा. मग ०७५ अलार्म (एन्कोडरची मोजणी अजून बसली नाही) दिसेल, घाबरू नका. रीसेट मारून प्रत्येक अक्ष जॉइंट मोडमध्ये (एकेक सांधा वेगळा हलवून) थोडा फिरवा, तो आपोआप जातो.

वर कोणीतरी रोबोटचे सगळे पॉइंट (सेव्ह केलेल्या जागा) नव्याने शिकवायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका, आधी मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य कुठे ते कंट्रोलरला सांगणं. क्विक मास्टरचा (झटपट मास्टरिंगचा) रेफरन्स, म्हणजे संदर्भाची जागा, पूर्वी सेव्ह केलेला असेल तर सुटलात. नसेल तर सांध्यांवरच्या शून्याच्या खुणा जुळवा. जुन्या हातावर त्या रंगाखाली किंवा ग्रीसमध्ये गडप असतात (रंगवणाऱ्याला काय त्याचं!), आधी चिंधीने पुसून घ्या. खूण नुसत्या नजरेने नको, समोरून टॉर्च धरून बघा: १ मीटर पोहोचीवर ०.१ अंशाची चूक म्हणजे टोकाला जवळपास पावणेदोन मिमी. शेवटी कॅलिब्रेट दाबा आणि जुना एखादा पॉइंट अगदी कमी वेगात तपासा.

पुढच्या वेळी सेल कंट्रोलर चालू ठेवूनच बदला, इमर्जन्सी स्टॉप दाबून.