फ्रेंच राज्यक्रांती फसली, मग तिचे विचार एवढे पसरले कसे?

प्रश्न: 1789 ला क्रांती झाली, 1804 ला नेपोलियन सम्राट, 1815 ला परत बुर्बों (क्रांतीआधीच्या जुन्या राजघराण्यातला) राजा गादीवर. म्हणजे फिरून तिथेच आले ना? मग सगळे म्हणतात जग बदललं, ते नक्की कशाने बदललं?

प्रतिसाद 1: राजा परत आला पण जुना कायदा नाही आला, मुद्दा तो आहे. क्रांतीने सरंजामी कर आणि जन्मावरून मिळणारे विशेष हक्क काढून टाकले आणि पुढे फ्रेंच फौजा जिथे गेल्या तिथे हे सगळं सोबत गेलं (अर्थात लूट आणि सक्तीची सैन्यभरती पण गेली, लोक काही हार घेऊन उभे नव्हते). ऱ्हाइनलँड (आजच्या जर्मनीचा पश्चिम भाग) बघा, 1815 नंतर प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला तरी तिथल्या लोकांनी नेपोलियनचा नागरी कायदा सोडला नाही, थेट 1900 पर्यंत चालवला.

प्रतिसाद 2: युरोपचंच काय घेऊन बसलात, हैती विसरलात की. मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात वसाहतीतले गुलाम नव्हतेच, पण सँ-दोमँगमध्ये (म्हणजे आजचं हैती, तेव्हाची फ्रेंच वसाहत) 1791 च्या ऑगस्टमध्ये गुलामांनी उठाव केला आणि 1794 ला पॅरिसला गुलामगिरी रद्द करावीच लागली. 1801 च्या अखेरीस नेपोलियनने ती परत आणायला सैन्य पाठवलं, ते हरलं, आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र. पुढे 1816 ला हैतीचा अध्यक्ष पेतिओंने बोलिव्हारला (दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणारा नेता) शस्त्रं दिली, अट एकच, तिकडचे गुलाम सोडायचे. विचार असा पसरतो, ज्यांना त्यातून वगळलं तेच तो उचलतात.

प्रतिसाद 3: +1, पण बायकांना काय मिळालं? 1792 ला घटस्फोटाचा हक्क मिळाला, 1816 ला गेला, 1884 ला परत आला. ओलँप द गूज या लेखिकेने 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, दोन वर्षांनी तिचा शिरच्छेद. मतदानाचा हक्क 1944 ला!! त्यामुळे "समाज बदलला" म्हणताना कोणाचा, ते पण सांगा.

प्रश्नकर्ता: हैतीचं खरंच माहीत नव्हतं. मग फ्रान्सने गप्प बसून सोडून दिलं?

प्रतिसाद 2: छे हो. 1825 ला युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँक भरपाई मागितली, मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून! नंतर रक्कम कमी केली, तरी हैतीला ती कर्ज काढूनच भरावी लागली आणि त्या कर्जाचे हप्ते विसाव्या शतकापर्यंत चालू होते.