जुनं कॅलिप्सो ऐकणारं कोणी आहे का इथे?

गिरगावकर_७१:
लोकहो, आमच्या बाबांना १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचं भयंकर वेड, गावसकरच्या ४ टेस्टमधल्या ७७४ धावा आमच्या घरी पाढ्यांसारख्या पाठ. त्या दौऱ्यावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने केलेलं कॅलिप्सो (तिकडचं चिमटे काढणारं लोकप्रिय गाणं) परवा यूट्यूबवर सापडलं. म्हणजे बघा ना, स्वतःच्या टीमला धुतलेल्या पोराचं कौतुक, भिंतीसारखा उभा राहिला, आउटच होईना म्हणे! तिथून स्पॅरो, मग किचनर असे तिथलेच जुने गायक, आता दोन आठवडे दुसरं काही लावलेलंच नाही. अर्धे शब्द कळत नाहीत तरी सोडवत नाही. असं काय आहे ह्यात? आणि पुढे बेलाफॉन्टे ऐकू का?

डबाबाटली:
ऐक, पण नंतर. बेलाफॉन्टे न्यूयॉर्कचा, १९५६ ची त्याची 'कॅलिप्सो' एलपी तुफान खपली खरी, पण त्यातलं 'डे-ओ' मुळात जमैकाच्या केळी भरणाऱ्या मजुरांचं. आवाज गोड, चावा कमी (माझं मत, मारू नका).
खरा माल त्रिनिदादच्या राजधानीचा, पोर्ट ऑफ स्पेनचा. कार्निव्हलच्या आधी तिथे कॅलिप्सोचे 'टेंट', म्हणजे गाण्याचे मांडव लागतात, आणि जुन्या काळी गाणं म्हणजे पेपरच होता, काल घडलं की आज गाण्यात. १९५० ला वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवलं तर लॉर्ड बिगिनरने लगेच रामाधीन-व्हॅलेंटाइन ह्या स्पिनर जोडीवर गाणं केलं. किचनर तर १९४८ ला विंडरश बोटीतून लंडनला पोचला आणि न्यूजरीलवाल्यांनी विचारल्यावर कॅमेऱ्यासमोर गायलाच लागला.

खमंग_काकू:
स्पॅरोचं 'जीन अँड डायना' नीट ऐक रे. चाल ऐकून पाय हलतात आणि विषय काय, तर त्रिनिदादमधल्या लष्करी तळावरचे अमेरिकन सैनिक गेले, आता त्यांच्या जिवावर कमावणाऱ्या बायकांचा भाव पडला. १९५६ ला ह्याच गाण्यावर तो कार्निव्हलच्या स्पर्धेत 'कॅलिप्सो किंग' झाला, बक्षीस फक्त ४० डॉलर! गप्प बसतोय होय, पुढच्या वर्षी बहिष्कार टाकला आणि बहिष्काराचंही गाणं करून टाकलं. आपल्या लावणीसारखंच, वर नाच आणि आत चिमटा.

डबाबाटली:
काकू, लावणी निम्मीच पटते. मला तर कलगी-तुरा आठवतो. तिथे 'एक्सटेम्पो' म्हणून प्रकार आहे, विषय दिला की स्टेजवर उभ्याउभ्या कडवं रचायचं आणि समोरच्याची यमकात उतरवायची. ह्या टोमण्यांना ते 'पिकाँग' म्हणतात. नावं पण बघा ना, लॉर्ड, माइटी, अटिला द हुन! इंग्रजांच्या राज्यात राहून स्वतःच स्वतःला लॉर्ड करून घ्यायचं.

खमंग_काकू:
बरं, कलगी-तुरा तर कलगी-तुरा. पण सगळे लॉर्डच मोजू नका, कॅलिप्सो रोझ कुठेय तुमच्या यादीत? १९७८ ला तिने स्पर्धा जिंकली तेव्हा बाईला 'किंग' कसं म्हणणार म्हणून किताबाचं नावच 'मोनार्क' करावं लागलं. सत्तरी ओलांडली तरी बाई परदेशात स्टेज गाजवत होती.

गिरगावकर_७१:
भारी! रोझपासून सुरू करतो. रात्री बाबांना रिलेटरचं गाणं ऐकवलं, डोळे मिटून दोनदा ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "छान आहे, पण सरदेसाईच्या ६४२ वर गाणं कोण करणार?"