उपकारस्तुतीचा यज्ञ (लेवीय 7): घरी त्याचं काय करायचं?

ऐरोलीकर
सलाम. दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी शनिवारी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना आहे. चर्चमध्ये पाकीट देणारच, पण बायबलातलं लेवीय 7:11-15 (उपकार मानण्याच्या यज्ञाचे नियम) वाचल्यापासून तेवढं अपुरं वाटतंय. मेंढरू, सपीठ, तेल यांतलं आज आपल्या हाती काय उरतं?

कळवा_वाचक
पंधरावं वचन धरा. मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या बलीला दुसऱ्या दिवसाची मुभा होती, याला नव्हती. त्यात मिश्नातला (यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह) हिशेब बघा: चार प्रकारच्या पोळ्या, प्रत्येकी दहा, एकूण 40. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला, उरल्या 36. वर मेंढराचं मांस, आणि मुदत मध्यरात्रीपर्यंत! एका घराला संपायचं कसं? माणसं बोलवावीच लागत. आणि पानावर बसलेला माणूस विचारणारच, कसले उपकार मानताय? मग ते तोंडाने सांगावं लागे. माझ्या मते सगळा अर्थ इथेच आहे. म्हणून शनिवारी मोघम 'प्रभूने सांभाळलं' नको. कोणता आजार, किती दिवस, कोण रात्री उशाशी बसलं, नावानिशी सांगा.

आणखी एक. चौथा प्रकार खमिराचा होता. वेदीवर खमीर जाळायला बंदी (लेवीय 2:11), पण ही भाकर वेदीवर जातच नसे, खाणाऱ्यांपुढे येई.

शालोम_ठाणे
हे आजही हाताने करता येतं. बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) घरांत एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मलिदा करतात: नवस फिटला, दुखणं सरलं, लग्न ठरलं की. आपल्या ठाण्यातही, जिथे 1879 सालचं सिनेगॉग आहे. जाडे पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे. पाण्यात बुडवून ठेवले की गोळा होतो. मग खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा. साखर अगदी शेवटी, कारण तिला पाणी सुटतं. ताटात भोवती फळं मांडतात. केळी आधी चिरू नका, काळी पडतात. फळांवर आशीर्वाद म्हणून झाले की मगच वाटप.

ऐरोलीकर
वीस माणसांना किती पोहे?

शालोम_ठाणे
एक किलो पोहे, तीन नारळ, अर्धा किलो साखर. ओला नारळ लवकर आंबतो, त्यामुळे रात्रीच संपवा. उरलं तर वॉचमन आणि शेजारची दारं आहेतच.

कळवा_वाचक
अनुवाद 26:11 तेच सांगतं: लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश) आणि परका, दोघांनाही बरोबर घ्यायचं. वॉचमनला आधीच बोलवा, उरल्यावर नको.